ताणलं तर चालेल?

मंडळी, या वीकेंडला जरा ताणून धरणार आहे. विषयच तसा आहे.

इगतपुरी सोडून गाडी नाशिककडे निघाली की खिडकीतून विजेचे खांब बघा. मधूनच एखाद्या खांबाला कप्पीवरून वजनं टांगलेली दिसतील. उन्हात तार लांबते, वजनं खाली उतरतात, ताण तेवढाच राहतो. इथे ताण फक्त सांभाळायचा असतो. पण ताण देऊन वीजच चालू-बंद करता आली तर? ग्राफीनवाल्यांचा खटाटोप नेमका हाच.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. वीज झकास वाहून नेतो, पण सिलिकॉनसारखा बँडगॅप नसल्यामुळे धड 'बंद'च होत नाही. मग ताणून गॅप पाडू या, अशी कल्पना निघाली. २००९ साली परेरा, कास्ट्रो नेटो आणि पेरेस यांनी गणित मांडलं : एका दिशेने २० टक्क्यांहून जास्त ताणावं लागेल. आणि कोलंबिया विद्यापीठातल्या २००८च्या मोजमापानुसार ग्राफीन साधारण २५ टक्क्यांना फाटतं! अरुंद पट्ट्यांमध्ये गॅप असू शकतो आणि तो कमी ताणानेही बदलतो, पण मग पट्टीच्या कडा अणू न् अणू नीट हव्यात.

"मग प्रॉडक्ट कधी?" हा आपला आयटीवाल्यांचा आवडता प्रश्न. माझ्या मते तो चुकीच्या वेळी विचारला जातो. सिलिकॉन ताणल्यावर त्याचा रोध बदलतो, हे बेल लॅब्जच्या चार्ल्स स्मिथने १९५४ मध्ये मोजलं. इंटेलने ताणलेलं सिलिकॉन ९० नॅनोमीटरच्या चिपमध्ये आणलं २००३ मध्ये. मध्ये तब्बल ४९ वर्षं गेली! आज ज्या लॅपटॉपवर आपण कोड पाडतो, त्यामागे असल्या निवांत मोजमापांची पुण्याई आहे.

तसंच एक मोजमाप आपल्या कुलाब्यात झालंय. टीआयएफआरमध्ये मंदार देशमुख यांच्या गटाने अधांतरी ग्राफीनची कंपनं मोजून २०१० साली दाखवलं, की ३० ते ३०० केल्विनमध्ये ग्राफीन तापल्यावर आकसतं. रेल्वेच्या तारेच्या बरोब्बर उलट! ताणावर चालणारं काहीही बनवायचं, तर हा आकडा आधी हातात हवा.

ग्राफीनचा स्विच येईल किंवा येणारही नाही. पण सरकारी पैशातून असली मोजमापं होत राहायला हवीत, आणि दर तिमाहीला "उपयोग काय?" विचारून त्यांना ताण देऊ नये. कुठलीही गोष्ट किती ताणायची याला मर्यादा असते, आपल्या घाईलासुद्धा.

बघा पटतंय का.