फूलबाग आणि चर्मण्वती

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करून ज्या सणाचा आरंभ होतो, त्या सणाच्या अंकात पशूंचा विचार अप्रस्तुत ठरू नये. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून अजूनही दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात किंवा गच्चीवर मातीचा किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे उभे करतात आणि पायथ्याच्या गुहेत एखादा सिंह किंवा वाघ बसवतात. त्या गुहेत तरस का नसतो आणि किल्ल्याच्या खंदकात घडियाल का नसतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला तो विचारावासा वाटतो, कारण त्याचे निम्मे उत्तर आपल्या शहरातल्या फूलबागेत आहे आणि उरलेले चंबळेच्या वाळूत.

मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज एकाच आवारात नांदावीत या उदार बुद्धीने कैलासवासी महाराज माधवराव शिंदे यांनी फूलबाग वसवली, आणि तिथेच १९२२ साली प्राणिसंग्रहालयाची स्थापना झाली. आज ते गांधी प्राणी उद्यान या नावाने महानगरपालिकेच्या व्यवस्थेखाली आहे. संस्थानी काळातल्या अशा संग्रहांचा मूळ हेतू दरबाराचे वैभव दाखवणे हा होता. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही पूर्वीपासून, प्राणी जितका दूरदेशीचा तितकी धन्याची प्रतिष्ठा थोर, असा हिशेब चालत आला. माधवरावांसारख्या कर्तबगार आणि प्रजाहितदक्ष राजालाही तो मोह सुटला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवले आणि शिवपुरी-श्योपूरच्या रानात ते रुजवण्याचा प्रयोग केला. या मुलखातला मूळचा सिंह एकोणिसाव्या शतकातच नामशेष झालेला असल्यामुळे त्या प्रयत्नामागची हळहळ आम्ही समजू शकतो. परंतु ते परके सिंह गुरांवर आणि माणसांवर चालून येऊ लागले व अखेर त्यांचा बंदोबस्त करावा लागला.

दूरच्या आणि दुर्मिळाच्या त्याच आकर्षणाचा आजचा मानकरी पांढरा वाघ आहे. फूलबागेत शिरणारी बहुतेक कुटुंबे काळवीट, सांबर, तरस हे ‘आपलेच’ म्हणून ओलांडतात आणि थेट त्याच्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहतात. रीवा संस्थानच्या जंगलात १९५१ साली महाराज मार्तंडसिंह यांनी पकडलेला ‘मोहन’ हा बछडा बंदिवासातल्या जवळजवळ सर्व पांढऱ्या वाघांचा पूर्वज होय. ती स्वतंत्र जात नव्हे. एका जनुकातील बदलामुळे आलेला तो वर्ण आहे, आणि तो टिकावा म्हणून पिढ्यानुपिढ्या रक्ताच्या नात्यांतच प्रजनन घडवल्याने त्या वंशात तिरळेपणासारखी व्यंगे उतरली आहेत. त्या मुक्या जनावराचा यात यत्किंचितही दोष नाही, आणि जे वाघ आज तेथे आहेत त्यांची अखेरपर्यंत उत्तम निगा राखली गेलीच पाहिजे. तथापि एखाद्या शहराने आपल्या प्राणिसंग्रहालयाची कीर्ती अशा कृत्रिम दुर्मिळतेवर उभी करावी, आणि तेही खरी दुर्मिळता साठ किलोमीटरांवरून वाहत असताना, हे आम्हांला मनापासून लागते.

ती वाहते चंबळेतून. कालिदासाने मेघदूतात जिला रंतिदेवाच्या कीर्तीशी जोडले त्या चर्मण्वतीला लोकपरंपरेने शापित ठरवले, तिच्या काठच्या बीहडांना दरोडेखोरांच्या दहशतीने निर्जन ठेवले, आणि या दोन्हींचा एक अकल्पित लाभ असा झाला की उत्तर हिंदुस्थानातल्या इतर नद्या मलिन होत गेल्या तरी हिचे पाणी पुष्कळसे निर्मळ राहिले. १९७०च्या दशकाच्या मध्यास जगभरातले प्रौढ घडियाल दोनशेच्याही आत आले होते. १९७५ साली त्यांच्या रक्षणाची योजना सुरू झाली, पाठोपाठ चंबळेचे राष्ट्रीय अभयारण्य तीन राज्यांच्या सीमांवर जाहीर झाले, आणि मुरैन्यापुढे आग्र्याच्या हमरस्त्यालगत देवरी येथे घडियाल-संवर्धन केंद्र उभे राहिले. नदीकाठच्या घरट्यांतून काही अंडी तेथे आणून उबवतात, पिले सुमारे सव्वा मीटर लांबीची होईपर्यंत वाढवतात आणि मग नदीत सोडतात, कारण निसर्गात जन्मलेल्या पिलांपैकी फारच थोडी मोठी होतात. आज जगातले बहुसंख्य घडियाल या एका नदीत आहेत. तरीही निर्धास्त राहता येत नाही: २००७-०८च्या हिवाळ्यात शंभराहून अधिक घडियाल येथे मेलेले आढळले, आणि ज्या वाळूत मादी अंडी घालते तीच वाळू ट्रॅक्टरांतून उपसली जात आहे.

या प्राण्याविषयी अपसमज किती आहेत! तो मासे खाऊन राहतो; तो लांब, निमुळता जबडा पाण्यात झपकन फिरवून मासा टिपण्यासाठीच घडलेला आहे, मोठे सावज फाडण्यासाठी नव्हे. वयात आलेल्या नराच्या तुंडाग्रावर घड्यासारखी गाठ येते आणि तिच्यामुळे त्याचा आवाज पाण्यात दूरवर घुमतो. अंडी फुटण्यापूर्वी आतून पिलांची चिवचिव सुरू होते, ती ऐकून मादी वाळू उकरते. आणि पुढे अनेक माद्यांच्या शेकडो पिलांच्या कळपावर एखादा नर पहारा देताना चंबळेत पाहण्यात आला आहे. एवढा वत्सल जीव आपल्या दाराशी राहतो आणि आपल्या मुलांच्या चित्रवहीत त्याला जागा नाही. त्याच पाण्यात ‘साल’ आणि ‘ढोर’ या नावांनी कोळी ओळखतात ती कासवे आहेत. विणीच्या हंगामात साल कासवाच्या नराच्या मानेवर तांबडे, पिवळे, निळे पट्टे उमटतात, आणि त्याची जगातली सर्वांत मोठी वस्ती आज चंबळेतच उरली आहे. वाळूच्या बेटांवर पाणचिरा घरटे करतो, ज्याची खालची चोच वरचीपेक्षा लांब असते. डोहांत गंगेतला डॉल्फिनही आहे, पण त्याला कोंडून दाखवण्याचा विचारही कोणी करू नये.

न दिसणारा शेजारी कसा नाहीसा होतो याचा दाखला शिवपुरी जिल्ह्यातल्या करैरा येथे आहे. माळढोक, म्हणजेच इकडची सोनचिरैया, हिच्यासाठी १९८१ साली तेथे अभयारण्य झाले. परंतु आतील बरीचशी जमीन शेतकऱ्यांच्या खाजगी मालकीची, तिच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले, लोक रुष्ट झाले, आणि १९९०च्या दशकात पक्षी तेथून गेला. शेतकऱ्यांना आम्ही दोष देत नाही. ज्या पक्ष्यापायी स्वतःचे शेत विकण्याचाही हक्क जातो, त्याच्यावर माया करावी तरी कशी? आमचे दुःख शहराविषयी आहे. ग्वाल्हेरच्या सुशिक्षित समाजाला तो पक्षी डोळ्यांनी ठाऊकच नव्हता, म्हणून त्याच्या बाजूने आणि त्या शेतकऱ्यांच्या नुकसानभरपाईच्या बाजूने बोलायला येथून कोणी उठले नाही.

आपल्याच मुलखातले शेजारी लोकांच्या नजरेसमोर ठेवणारी प्राणिसंग्रहालये अन्यत्र आहेत. दार्जिलिंगने १९५८ साली आपले प्राणिसंग्रहालय स्थापले तेव्हापासून हिमालयातले प्राणी हीच त्याची ओळख झाली. हिमबिबट्या आणि लाल पांडा तेथे जोपासले गेले, काही लाल पांडा सिंगालीलाच्या अरण्यात परतही गेले. अमेरिकेत टक्सन येथे १९५२ साली उघडलेल्या संग्रहालयाने केवळ सोनोरा वाळवंटातले जीव आणि वनस्पती दाखवल्या, तरी लोक जगभरातून तेथे येतात. आपल्या भोपाळच्या वनविहाराचाही कल या प्रांतातल्या प्राण्यांकडेच आहे. भरवस्तीतल्या फूलबागेला त्यांच्याएवढी जागा नाही हे खरे. म्हणूनच तिने सर्व खंडांचा पसारा मांडू नये. ज्येष्ठातली आपली लू आणि पौषातली कडाक्याची थंडी चिंकारा, लांडगा, कोल्हा, तरस यांना परकी नाही. तिकिटांचे उत्पन्न घटेल ही शंका महापालिकेच्या खात्याने जरूर उपस्थित करावी. पण जेथे रक्षक प्राण्याची हकीकत सांगू लागतो तेथे माणसे थांबतात.

आमची दरख्वास्त एवढीच आहे. घडियालासाठी खोल पाण्याचा, वाळूच्या काठाचा आणि एका बाजूने काचेचा प्रशस्त तलाव उद्यानाच्या मध्यभागी व्हावा, म्हणजे त्याचे पोहणे पाण्याखालूनही दिसेल. लागून साल आणि ढोर कासवांचे तळे. तरस-कोल्ह्यांसाठी असे दालन की जेथे दिवसा मंद प्रकाश राहील आणि निशाचर जागे दिसतील. आणि गवताचा एक मोकळा तुकडा, पक्ष्यावाचून, ज्यावर करैऱ्याची हकीकत हिंदीत आणि मराठीत लिहिलेली असेल. हे बांधकाम होईतो एक गोष्ट मात्र विनाविलंब करता येईल. चैत्रात चंबळेच्या काठी अंडी घातली जातात आणि वैशाखअखेरीपासून ज्येष्ठापर्यंत पिले बाहेर येतात, नेमकी शाळांच्या सुट्टीत. त्या दिवसांत फूलबागेतून देवरीपर्यंत मुलांसाठी एक बस सोडण्याची तजवीज महापालिका आणि वनखाते यांनी मिळून करावी.