काळजी करणे आणि काळजी घेणे

मराठी भाषेत ‘काळजी’ हा शब्द दोन क्रियापदांशी जोडला जातो आणि क्रियापद बदलताच त्याचे सारे स्वरूप पालटते. तापाने फणफणलेल्या मुलाची आई काळजी करते, तेव्हा ती त्याच्या उशाशी बसून मनात नाही नाही त्या शंका आणीत असते. ती त्याची काळजी घेते, तेव्हा त्याच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवीत असते, वेळेवर औषध पाजीत असते. दोन्ही प्रसंगी तिच्या मनावरील ताण तोच असतो. किंबहुना तो नसता, तर रात्रभर जागण्याचे बळही तिला लाभले नसते. मनुष्याचे सुख आणि त्याचा टिकाव बऱ्याच अंशी या एका क्रियापदाच्या निवडीवर अवलंबून असतो, हे मत कोणास धाडसाचे वाटेल. परंतु त्याला आधार आहे.

संकटाची चाहूल लागताच शरीर आपल्या परीने सिद्ध होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आपला स्राव रक्तात सोडतात, हृदय जलद चालू लागते, श्वास वाढतो, स्नायूंकडे अधिक रक्त धावते. पळावे किंवा झुंजावे, यासाठीच ही सारी तयारी असते. व्हिएन्ना येथे जन्मलेल्या आणि कॅनडात संशोधन केलेल्या हान्स सेलिए या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून असे दाखविले की, थंडी असो, जखम असो वा अतिश्रम असोत, शरीराचा प्रतिसाद जवळजवळ एकाच साच्याचा असतो. प्रथम धोक्याची सूचना, मग प्रतिकार आणि ताण दीर्घकाळ तसाच राहिला तर अखेरीस थकवा, असा त्याचा क्रम असतो. काळजी करीत बसलेला मनुष्य शरीराला सिद्ध तर करतो, पण त्याला काम मात्र देत नाही. खोगीर चढविलेला घोडा दिवसभर दारातच उभा ठेवावा, तशी त्याची गत होते. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक मिटून, ‘प्रश्न कोणते येतील?’ या विचाराने तळमळणाऱ्या विद्यार्थ्याला ही अवस्था निराळी समजावून सांगावयास नको.

उलट बाजूचे उदाहरण नंदुरबार जिल्ह्यात घडले. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा या जिल्ह्यात प्राणवायू निर्माण करणारा एकही प्रकल्प नव्हता. बहुसंख्य वस्ती आदिवासींची, सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेले पाडे, आणि मोठ्या शहरांतील रुग्णालये कितीतरी दूर. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात पहिला प्रकल्प उभा राहिला. पुढे साथ ओसरू लागली. देशभर लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि कित्येक ठिकाणी साथीबरोबर साथीची आठवणही ओसरली. भय सरल्यावर ते विसरून जाण्याची मनुष्याला मोठी घाई असते. नंदुरबारचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः वैद्यकशास्त्राचे पदवीधर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उसंत तयारीसाठी वापरली. आणखी प्रकल्प उभारले, खाटा वाढविल्या, रुग्णवाहिका सज्ज केल्या. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. पहिल्या लाटेत दिवसाला दोनशेच्या आत असलेली नव्या रुग्णांची संख्या आता हजाराच्या वर गेली. मोठमोठ्या शहरांत रुग्णांचे नातेवाईक प्राणवायूच्या एकेका सिलिंडरसाठी वणवण करीत असता, या दुर्गम जिल्ह्याला आपली गरज बऱ्याच प्रमाणात स्वतःच भागविता आली. मृत्यू सर्वस्वी टळले असे नव्हे. अनेक घरांतील माणसे गेलीच. परंतु संकटात धैर्य दाखविणारे पुष्कळ भेटतात. संकट सरल्यावर त्याची आठवण ठेवून पुढच्याची तजवीज करणारे विरळा.

तजवीज करण्यास अधिकारपदच लागते, असेही कोणी समजू नये. त्याच २०२० सालची गोष्ट. अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडी हे गाव नर्मदेच्या काठी आहे. साथीच्या भीतीने आसपासच्या पाड्यांवरील आदिवासी स्त्रिया आपल्या बालकांना घेऊन अंगणवाडीत येईनाशा झाल्या. बालकांचे वजन कोण करणार, गरोदर स्त्रियांना पोषक आहार कोण पोहोचविणार? तेथील अंगणवाडी सेविकेने एका मच्छीमाराकडून लहानशी नाव मागून घेतली आणि सुमारे १८ किलोमीटर अंतर स्वतः वल्हवीत ती त्या पाड्यांवर जाऊ लागली. एकदा नव्हे, आठवड्यातून अनेक वेळा आणि कित्येक महिने. भीती तिलाही असणारच. साथ तिला वगळून आलेली नव्हती. वल्ही मारून भरून आलेले हात रात्री ठणकतात, हेही खरे. तथापि तराजूत ठेवलेल्या बालकाचे वजन मागच्या खेपेपेक्षा थोडे वाढलेले दिसावे, यात जे समाधान आहे, ते दार लावून काळजी करणाऱ्याच्या वाट्यास कोठून येणार?

यावरून, काळजी घेणे म्हणजे मुकाट्याने सोसणे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. उपाशी माणसाला आनंदी राहण्याचा उपदेश करणे सोपे आहे, आणि काहीसे निर्लज्जपणाचेही आहे. कित्येक ताण मनातून उपजत नाहीत. ते दुसऱ्यांनी घेतलेल्या निर्णयांमुळे डोक्यावर येऊन पडतात. ते दूर करण्याचे उत्तरदायित्वही त्या दुसऱ्यांवरच असते. १९९३ साली सरदार सरोवराचे पाणी याच तालुक्यातील मणिबेली गावात शिरले. त्यानंतर नर्मदाकाठची एकामागून एक गावे पाण्याखाली जाऊ लागली. तेथील लोकांनी ते मुकाट्याने सोसले नाही. अर्ज केले, मोर्चे काढले, सत्याग्रह केले, आणि जमिनीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. विशेष हे की, झगड्याचा निकाल लागेपर्यंत मुलांनी निरक्षर राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आरंभीच्या वर्षांतच, चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे लोकांनी ‘जीवनशाळा’ सुरू केल्या. शिक्षणाचा श्रीगणेशा मुलांच्या घरच्या बोलीतून होई. पुस्तकाच्या जोडीला रानातील झाडे, नदी आणि पूर्वजांच्या कथा असत. धरणाचे पाणी चढत गेले, तशा काही शाळाही बुडाल्या. लोकांनी त्या वरच्या अंगाला पुन्हा उभ्या केल्या. त्या शाळांत शिकलेल्यांपैकी काही जण पुढे तेथेच शिक्षक म्हणून परतले.