सांध्यांचे इंजेक्शन आणि निद्रिस्त क्षय

सदाशिव पेठ ही पुण्याच्या घाऊक औषधव्यापाराची पेठ. गोळ्या आणि सिरपच्या खोक्यांबरोबर आता फ्रिजमध्ये ठेवावी लागणारी, आधीच भरलेली छोटी इंजेक्शनेही औषधबाजारातून रुग्णांपर्यंत जाऊ लागली आहेत. त्यांपैकी एक अ‍ॅडालिमुमॅब. आमवात, मणक्याचा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, सोरायसिस, आतड्यांची दीर्घकाळची सूज अशा अनेक आजारांत ते दिले जाते. सांध्यांच्या आजारांत साधारणपणे ४० मिलिग्रॅमचा डोस दर दोन आठवड्यांनी पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचतात. ते घरच्या घरीही घेता येते. सोपेपणा हा त्याचा गुण आहे, आणि नेमका तोच निष्काळजीपणाला वाट करून देतो.

अमेरिकेत या औषधाला ३१ डिसेंबर २००२ रोजी मान्यता मिळाली. भारतात बरीच वर्षे ते मोजक्यांनाच परवडत होते. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने त्याचे जगातील पहिले बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतेजुळते जैविक औषध, बाजारात आणले. त्याची किंमत अमेरिकेतील दराच्या सुमारे एक पंचमांश होती. पाठोपाठ इतर भारतीय कंपन्याही उतरल्या.

हे स्वागतार्हच आहे, कारण गरज मोठी आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत सुमारे ४,१०० प्रौढांपैकी १८ टक्क्यांना सांधे-स्नायूंच्या तक्रारी आढळल्या. आमवाताचे प्रमाण साधारण अर्धा टक्का होते. टक्केवारी लहान दिसते, पण २०० प्रौढांमागे एक, असा त्याचा अर्थ. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस तर ऐन विशी-तिशीत गाठतो. पेठेतल्या अभ्यासिकांत दिवसभर बसणाऱ्या मुलाची पाठ सकाळी अर्धा-पाऊण तास ताठरलेली असते आणि हालचालीने मोकळी होते, तेव्हा दोष खुर्चीला दिला जातो. निदानाला काही वर्षे लागतात आणि तोवर मणके जुळू लागलेले असतात. अशा रुग्णाला हे इंजेक्शन पुन्हा उभे करू शकते. प्रश्न औषध द्यावे की नाही हा नाही. ते कोणत्या तयारीनंतर द्यावे, हा आहे.

पहारेकरीच झोपवला तर

अ‍ॅडालिमुमॅब शरीरातील टीएनएफ या प्रथिनाला पकडून निकामी करते. सांध्यांतील सूज पेटती ठेवण्यात टीएनएफचा मोठा हात असतो, म्हणून रुग्णाला आराम पडतो. पण याच टीएनएफकडे आणखी एक काम असते. क्षयाचा जंतू शरीरात शिरला की प्रतिकारपेशी त्याच्याभोवती गोळा होऊन एक गाठ बांधतात आणि त्याला आत कोंडून ठेवतात. ही कोठडी मजबूत ठेवण्यासाठी टीएनएफ लागते. ते काढून घेतले की भिंत ढासळते आणि वर्षानुवर्षे निपचित पडलेला जंतू मोकळा होतो.

ही भीती कागदावरची नाही. याच गटातील इन्फ्लिक्सिमॅब या औषधानंतर झालेल्या क्षयाच्या ७० रुग्णांचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांनंतरच आजार झाला होता. निम्म्याहून अधिक जणांत तो फुप्फुसाबाहेर होता. सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे. ७० पैकी ६४ रुग्ण क्षय कमी असलेल्या देशांतील होते. ब्रिटनच्या नोंदवहीतून २०१० मध्ये पुढे आलेले चित्रही असेच आहे. एक लाख रुग्णांवर वर्षभर उपचार झाले असे धरले, तर अ‍ॅडालिमुमॅबवर क्षयाचे १४४, इन्फ्लिक्सिमॅबवर १३६ आणि एटानरसेप्टवर ३९ रुग्ण आढळले. म्हणजे एकाच गटातील औषधांचा धोकाही सारखा नसतो. ज्याला क्षयाचा धोका अधिक, त्याच्यासाठी औषध निवडताना हा फरक मोलाचा ठरतो.

आता हेच गणित भारतात मांडून पाहा. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक आपल्याकडचा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाचा संसर्ग आढळला. यांतील बहुतेकांना कधीच आजार होत नाही, कारण कोठडीची भिंत शाबूत असते. हे इंजेक्शन नेमका त्या भिंतीलाच हात लावते.

तपासणी म्हणजे केवळ एक्स-रे नव्हे

पहिल्या डोसाआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, नीट विचारपूस: पूर्वी क्षय झाला होता का, घरात, वसतिगृहाच्या खोलीत किंवा कामाच्या जागी कोणाला होता का, खोकला, ताप, वजनात घट आहे का. दुसरी, छातीचा एक्स-रे. तिसरी, लपलेल्या संसर्गाची चाचणी. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे संसर्ग नाही, असे होत नाही. जुन्या मांटू चाचणीत लहानपणच्या बीसीजी लशीमुळेही फोड उठू शकतो. रक्ताच्या इग्रा चाचणीत ही अडचण येत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सायटीबी ही त्वचेवरची चाचणीही बीसीजीमुळे फसत नाही. तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

एक पेच मात्र उरतो. आमवाताचे बहुतेक रुग्ण आधीपासूनच स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट घेत असतात. त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने चाचणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. म्हणून कागदावरच्या निकालाइतकेच महत्त्व रुग्णाच्या इतिहासाला आहे.

संसर्ग आढळला आणि प्रत्यक्ष आजार नाही याची खात्री झाली, तर प्रतिबंधक उपचार देतात. आयसोनियाझिड रोज सहा महिने, किंवा रिफापेंटिनबरोबर आठवड्यातून एकदा असे तीन महिने. त्यातला निदान एक महिना झाल्यावर इंजेक्शन सुरू करता येते. सांधे दुखत असताना हा महिना लांब वाटतो, पण तो वाया जात नाही. टीएनएफरोधक औषधे घेणाऱ्यांचा समावेश राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाच्या २०२१ च्या प्रतिबंधक उपचार मार्गदर्शिकेत झालेला आहे. अडचण अशी की सांध्यांचे डॉक्टर एका इमारतीत बसतात आणि क्षय केंद्र दुसऱ्या. या दोहोंमधला कागद रुग्णालाच नेऊन द्यावा लागतो.

सुरू झाल्यानंतर

आधीची तपासणी चांगली आली म्हणजे आयुष्यभराची हमी मिळाली, असे नाही. उपचार सुरू असतानाही नवा संसर्ग होऊ शकतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, मानेत गाठ, पोटात पाणी, न थांबणारी डोकेदुखी यांपैकी काहीही झाले तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना गाठावे. तापासाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलेला रुग्ण ‘सांध्यांचे इंजेक्शन घेतो’ हे सांगायलाच विसरतो, आणि तिथे दिवस वाया जातात.

इतर धोकेही ठाऊक असावेत. टोचल्या जागी लाली आणि खाज हे सर्वांत सामान्य. दबलेला हिपॅटायटिस बी उसळू शकतो, म्हणून त्याची रक्तचाचणी आधी करतात. हृदय निकामी होण्याचा गंभीर आजार किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा मज्जासंस्थेचा आजार असेल, तर हे औषध सहसा टाळतात. उपचार चालू असताना जिवंत लशी घेता येत नाहीत. लिम्फोमा या कर्करोगाचा इशारा वेष्टनातल्या माहितीपत्रकात असतो. त्यातला एक दुर्मीळ प्रकार मुख्यतः आतड्यांच्या आजारासाठी अन्य प्रतिकारदमन औषधांसह उपचार घेणाऱ्या तरुण पुरुषांत दिसला आहे. भारतातील रोजचा, टाळता येण्याजोगा धोका मात्र क्षयाचाच.

दोनशे रुग्णांची चाळणी

बायोसिमिलर म्हणजे दुय्यम औषध नव्हे. पण त्याच्यावर लक्ष ठेवण्याची आपली व्यवस्था तोकडी आहे. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बाजारात आल्यावर साधारण २०० रुग्णांचा अभ्यास अपेक्षित आहे. हजारात एकाला होणारा दुष्परिणाम २०० जणांत अजिबात न दिसण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के असते. असा दोष दैनंदिन वापरातल्या नोंदींतूनच सापडतो. त्यासाठी भारतात २०१० पासून औषधसतर्कता कार्यक्रम आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णही थेट दुष्परिणाम कळवू शकतो. ब्रँडचे नाव आणि बॅच क्रमांक नसेल, तर ती नोंद निम्मी निरुपयोगी ठरते. म्हणून रिकाम्या खोक्यावरचा तपशील वहीत उतरवून ठेवावा, आणि दुकानदाराने परस्पर दुसरा ब्रँड दिला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रवासाचाही विचार हवा. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. गोठले तर ते टाकून द्यावे, वितळवून वापरू नये. एप्रिलच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत तासभर ठेवणे जितके चूक, तितकेच बर्फाला थेट चिकटवून नेणे किंवा घरी फ्रीझरमध्ये टाकणेही चूक. असे बिघडलेले औषध बाहेरून तसेच दिसते, पण काम करीलच असे नाही.

हे वाचून कोणी चालू असलेले इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नये. आमवात मोकाट सोडला तर सांधे कायमचे वाकडे होतात. त्यावर उतारा म्हणून लोक वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या खातात, आणि क्षयाचा धोका त्यांच्यानेही वाढतो. भारतीय कंपन्यांनी किंमत खाली आणून अर्धे काम केले. उरलेले अर्धे फार खर्चाचे नाही. क्षयाच्या तपासणीचा निकाल आणि तारीख प्रिस्क्रिप्शनवरच लिहिण्याची शिस्त डॉक्टरांनी पाळावी, ती पाहिल्याशिवाय विक्रेत्याने पहिला डोस देऊ नये, आणि सांध्यांच्या बाह्यरुग्ण विभागातून क्षय केंद्राकडे जाणारी वाट रुग्णालयानेच आखून द्यावी. तोवर रुग्णाने पहिल्या सुईआधी एकच प्रश्न विचारावा: माझी क्षयाची तपासणी झाली का, आणि कोणती?