सोसणं पुरे, आधी विचारा!

आपल्याकडे बाईच्या सोसण्याचं भारी कौतुक. ‘एवढं ऑपरेशन झालं, पण हूं की चूं केलं नाही हो!’ असं अभिमानाने सांगतात. मला हे कौतुक खटकतं. महिला मंडळाच्या कामानिमित्त माझं दवाखान्यात जाणं-येणं असतं. खांद्याचं ऑपरेशन झालेल्या बायका पहिली रात्र उशांना टेकून, बसून काढताना मी पाहिल्यात. कूस बदलायची सोय नाही, की डोळ्याला डोळा नाही.

खरं तर यावर उपाय आहे. त्याला म्हणतात नर्व्ह ब्लॉक. खांद्याकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा मानेच्या कडेने उतरतो. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत त्या नसांभोवती बधिर करणारं औषध सोडतात. मग खांद्याची कळ मेंदूपर्यंत पोचतच नाही. एका इंजेक्शनचा परिणाम औषधानुसार साधारण १२ ते १८ तास टिकतो. गरज पडली तर बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवसही औषध देता येतं. गुंगी आणि मळमळ आणणारी जोरकस औषधं त्यामुळे कमी लागतात.

हात काही तास लुळा पडतो, पापणी जड होते, कधी आवाज बसतो. औषध उतरलं की हे जातं. नसेला कायमची इजा क्वचितच होते. पण या इंजेक्शनाने त्या बाजूचं श्वासपटल तात्पुरतं मंदावतं. म्हणून दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगायला हवं. बधिर हात झोळीतच ठेवायचा. चहाचं गरम भांडंही त्याला लागू द्यायचं नाही.

आणखी एक, ब्लॉक उतरतो तेव्हा कळ एकदम उसळते, तीही बऱ्याचदा मध्यरात्री. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखायची वाट न बघता वेळेवर घ्यावी.

हे चोचले नव्हेत, मैत्रिणींनो! दुखण्याच्या भीतीने सांगितलेला व्यायाम टळला, तर खांदा आखडतो. मग वेणी घालायची पंचाईत, फळीवरचा डबा काढायची पंचाईत.

तरीही होतं काय? डॉक्टरांशी बोलतात घरचे पुरुष, आणि जिचा खांदा ती गप्प! ही सोय प्रत्येक गावात असेलच असं नाही. पण विचारायला काय हरकत आहे? ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना स्वतः भेटा. ‘मला ब्लॉक देता येईल का? नसेल तर दुखण्यासाठी दुसरं काय देणार? खर्च वेगळा पडेल का?’ एवढं विचाराच. दुखणार आपल्याला, तर विचारायचंही आपणच.