विसाव्या लीजनचे चिलखत आणि दगडावरची दोन नावे

१/ चिलखतावरचा रिव्हेट पितळी असावा की लोखंडी, यावर रोमन लीजनचे पुनःसादरीकरण करणारे हौशी लोक तासन्‌तास वाद घालू शकतात. त्यांच्या काटेकोरपणाचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. आक्षेप इतकाच, की हा काटेकोरपणा धातूपाशी येऊन थांबतो. ब्रिटनमधील विसाव्या लीजनच्या, म्हणजे ‘वालेरिया विक्ट्रिक्स’च्या, निमित्ताने हा थ्रेड.

२/ आधी श्रेय. १९६४ मध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ कॉर्ब्रिज येथे एका लाकडी पेटीत रोमन चिलखताचे भाग सापडले. टॉवर ऑफ लंडनच्या शस्त्रागारातील एच. रसेल रॉबिन्सन यांनी त्यांच्या आधारे या चिलखताची रचना उलगडली : लोखंडी पट्ट्या आतील चामडी वाद्यांवर रिव्हेटने बसवलेल्या असत. (‘लोरिका सेगमेंटाटा’ हे आजचे नाव रोमनांचे नव्हे, ते सोळाव्या शतकातील पंडितांचे.) १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेली ‘अर्माइन स्ट्रीट गार्ड’ ही संस्था याच संशोधनाच्या पायावर विसाव्या लीजनचे सैनिक उभे करू लागली.

३/ अशी चिलखते अंगावर चढवून वावरल्यावर लक्षात आले की त्यांच्या पितळी बिजागऱ्या आणि आकडे फार लवकर तुटतात. रोमन छावण्यांच्या उत्खननात नेमके हेच तुकडे इतके का मिळतात, याचे उत्तर त्यातून मिळाले. १९८५ मध्ये मार्कुस युंकेलमान हा जर्मन इतिहासकार साथीदारांसह रोमन सैनिकाचा सारा सरंजाम घेऊन व्हेरोनाहून निघाला आणि आल्प्स ओलांडून आउग्सबुर्गला पोहोचला. पुनःसादरीकरणाला ‘सोंगे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी यातले एक तरी काम ग्रंथालयात बसून करून दाखवावे.

४/ आता हाच काटेकोरपणा लीजनच्या कामगिरीला लावावा. विसावी लीजन इ.स. ४३ च्या स्वारीत ब्रिटनमध्ये उतरली आणि तिचा तळ आजच्या कॉलचेस्टरला पडला. इ.स. ४९ मध्ये ती पुढे सरकली आणि त्या जागी निवृत्त सैनिकांची वसाहत झाली. या वसाहतवाल्यांचे वर्तन टॅसिटसने नोंदवले आहे : ते स्थानिक लोकांना घरांतून हुसकत, जमिनी बळकावत आणि त्यांना कैदी, गुलाम म्हणून हिणवत. सेवेतले सैनिक त्यांना फूस देत, कारण उद्या तीच मोकळीक त्यांनाही हवी होती. हे लिहिणारा स्वतः रोमन सिनेटर होता, रोमचा शत्रू नव्हे.

५/ इसेनी जमातीची राणी बूडिका हिला फटके मारले गेले, तिच्या मुलींवर बलात्कार झाले आणि इ.स. ६०-६१ मध्ये उठाव पेटला. कॉलचेस्टर, लंडन आणि आजचे सेंट ऑल्बन्स जळाले. उठाव मोडणाऱ्या सैन्यात चौदाव्या लीजनसोबत विसाव्या लीजनची तुकडी होती. मारले गेलेले ब्रिटन ८०,०००, रोमन ४००, हा टॅसिटसचा आकडा दरबारी थाटाचा आहे. तो जसाच्या तसा घेण्याचे कारण नाही. पण सैनिकांनी बायकांनाही सोडले नाही, हेही तोच सांगतो, आणि जराही न संकोचता सांगतो.

६/ आता एक दगड. १८६८ मध्ये कॉलचेस्टर येथे विसाव्या लीजनचा सेंच्युरियन मार्कस फॅवोनियस फॅसिलिस याची समाधिशिला सापडली. हातात द्राक्षवेलीची छडी, कमरेला तलवार व खंजीर, खांद्यावरून घेतलेला झगा. पहिल्या शतकातील सेंच्युरियनचा वेष उभा करताना या शिल्पाला वगळून कोणालाच पुढे जाता येत नाही. त्याचा खंजीर कोणत्या बाजूला लटकतो, हेही अभ्यासकांनी टिपून ठेवले आहे.

७/ त्याच दगडावर शिल्पाखाली लेख आहे. हा दगड कोणी उभारला, ते त्याच्या अखेरीस कोरले आहे : वेरेकुंडस आणि नोव्हिसियस, फॅसिलिसने मुक्त केलेले दोन गुलाम. लॅटिनमध्ये ‘नोव्हिसियस’ म्हणजे नवा, आणि हा शब्द नुकत्याच विकत घेतलेल्या गुलामाला लावत. बाजारात माल म्हणून जी ओळख चिकटली, तीच या माणसाचे नाव होऊन बसली. मूळ नाव काय होते, ते दगड सांगत नाही. शिल्पातला खंजीर अगणित प्रतिकृतींत उतरला. शिल्पाखालचा नोव्हिसियस सहसा कोणत्याच संचलनात दिसत नाही. दगड एकच आहे, त्यातले काय घ्यायचे याची निवड मात्र आधुनिक आहे.

८/ पुढची साक्ष लीजनने स्वतःच कोरली. स्कॉटलंडमधील अँटोनाइन भिंतीचा आपला भाग बांधून झाल्यावर तिच्या तुकडीने बसवलेली एक शिला १९६९ मध्ये हचसन हिल येथे मिळाली. आता ती ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. मध्यभागी एक स्त्री लीजनच्या गरुडाच्या चोचीत विजयमाला ठेवते आहे. दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले, हात बांधलेले कैदी. लीजनला आपले चित्र कैद्यांशिवाय पुरे वाटले नाही. तिच्या आजच्या चाहत्यांना ते वाटते.

९/ यावर एक उत्तर ठरलेले असते : गुलामगिरी तेव्हा सर्वत्रच होती. होती. रोमनांपूर्वीच्या ब्रिटनमध्येही होती. वेल्समधील लिन केरिग बाख येथे माणसांच्या गळ्यात अडकवायच्या साखळ्या मिळाल्या आहेत. पण जी गोष्ट सर्वत्र होती ती देखाव्यात कुठेच नसावी, हे कोणते तर्कशास्त्र?

१०/ दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक आहे : लहान मुलांसमोर, सुट्टीच्या दिवशी, हे कसे दाखवायचे? अवघड आहे, यात शंका नाही. अमेरिकेतील कलोनियल विल्यम्सबर्गमध्ये १९९४ साली गुलामांच्या लिलावाचे पुनःसादरीकरण झाले, तेव्हा तीव्र निषेध झाला. वेदनेचा तमाशा होईल, ही भीती खोटी नव्हती. तरीही तो प्रयोग झाला आणि निषेध करायला आलेल्यांपैकी काहींचे मत तो पाहून बदलले. शिवाय रोमन प्रसंगात लिलाव मांडण्याची गरजही नाही. सेंच्युरियनच्या मागे त्याचे सामान वाहणारे दोघे उभे करता येतात. त्यांना ढाल लागत नाही, शिरस्त्राण लागत नाही. साधा अंगरखा पुरतो.

११/ तेवढेही जमत नसेल, तर निवेदकाने छडीचा अर्थ समजावून झाल्यावर फॅसिलिसच्या लेखाची अखेर वाचून दाखवावी. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.