वावर थकवते, परसबाग सावरते

मेळघाटात परसबागेचा प्रचार नवा नाही. कुपोषण हटवायचे म्हणून अंगणवाडीपासून ग्रामसभेपर्यंत तिचे नाव निघते. पण हिशेब होतो तो फक्त भाजीचा. किती मेथी निघाली, किती दोडके लागले. परसबागेने माणसाच्या मनाला काय मिळते, हे कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, "वावरात तर रोजच राबतो ना बाप्पा, मातीतून अजून कोणतं औषध काढू?" प्रश्न रास्त आहे. पण वावरात सोसायटीचे कर्ज, सोयाबीनचा भाव अन् पावसाची ओढ ही चिंता पाठ सोडत नाही. घरामागच्या दोन वाफ्यांवर मात्र कोणाचा बोजा चढलेला नसतो. वालाचा वेल मांडवावर गेला की झाले! उदास माणसाला सकाळी उठायला एक कारण लागते. ते कारण रोप देते.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आसरा दिला. त्याच मुलांनी हजारो झाडे लावली, पाणी घालून जगवली. शंकरबाबांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिकडे वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवनाचे काम सुरू केले. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांनी तिथली खडकाळ जमीन पिकवली. रोग औषधाने हटला, पण मान ताठ झाली ती श्रमाने.

म्हणून गोळ्या बंद करा, असे मुळीच नाही. मन फार खचले, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर थेट दवाखाना गाठावा. घरच्यांनीही त्याला एकटे सोडू नये. परसबाग ही औषधाला जोड आहे, बदली नव्हे.

धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात, आश्रमशाळांत अन् ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत चार-चार वाफे पाडायला कितीसा खर्च येतो? गावरान बियाणे घरोघरी आहे, न्हाणीचे पाणी वाया जातेच. सरपंच, सचिव अन् आशाताईंनी मिळून गावातले एकटे म्हातारे अन् नापिकीने खचलेले शेतकरी हेरावेत, त्यांच्या हाती एकेक वाफा द्यावा. भाजी किती निघाली ते मोजू नये. माणूस रोज वाफ्यावर येतो की नाही, एवढेच पाहावे.