रानाला टाळं लागलं नाही



२०२० साली २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर बोलले आणि बारा वाजता देश बंद झाला. मधे फक्त चार तास.  वर्षभराने आकडे पुन्हा वाढले आणि पुन्हा बंदची भाषा ऐकू आली. म्हणून त्या वर्षाचा हिशेब मांडून ठेवू. आपला हिशेब दुसरं कोणी लिहीत नाही.

त्या मार्चमध्ये आपली कितीतरी माणसं गावात नव्हती. कोणी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, कोणी रेतीवर, कोणी बिल्डिंगच्या कामावर. शेठ म्हणाला, काम बंद. उचल फिटली नाही म्हणून काहींचा हिशेबसुद्धा झाला नाही. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, आणि रस्त्यावर काठी बसेल म्हणून रानातल्या वाटेने माणसं घरी आली. ‘घरात राहा’ असा हुकूम होता. ज्याचं घर दोन दिवसांच्या चालीवर आहे त्याने तो कसा पाळायचा, ते कोणी सांगितलं नाही.

गावात आल्यावर काय होतं? मोह होता. पहाटे बाया-पोरं टोपल्या घेऊन मोहाखाली. मग करवंदं, आंबे. पावसाच्या तोंडाला शेवळी, मागून टाकळा, ओढ्यातले मासे, चिंबोऱ्या. आणि ज्याच्याकडे प्लॉट होता, त्याच्या कणगीत नागली होती. मला त्या वर्षात हेच सगळ्यात जास्त दिसलं: एसटी बंद, बाजार बंद, दवाखान्यात दुसऱ्या दुखण्याला कोणी विचारीना, मजुरी नाही, चालू होतं ते रान आणि प्लॉट. ‘अतिक्रमण’ म्हणून ज्या जमिनीवरून आपल्याला हाकलायला बघतात, तिनेच आपल्याला जगवलं.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. एप्रिल ते नोव्हेंबर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळालं. पण ते कार्डात नाव असलेल्यांना. नवी सून, मागाहून जन्मलेली पोरं, कार्डच नसलेलं घर, ते राहिलं. रोजगार हमीची मजुरी २०६ वरून २३८ झाली, पण काम निघालं तर ना. घरटी ४,००० रुपयांची खावटी जाहीर झाली, २,००० रोख आणि २,००० चा किराणा. फॉर्म भरून झाले, झेरॉक्सला पैसे गेले. आमच्या पाड्यात वाट बघणंच चाललं होतं. मे महिन्यात मोहफुलाचा हमीभाव किलोला १७ वरून ३० केला. भाव वाढला तेव्हा बाजारच बंद होता, मग व्यापारी देईल तो भाव.

१६ एप्रिलला केंद्राने हुकूम काढला की आदिवासींना गौण वनोपज गोळा करायला सूट आहे. सूट कसली? वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये गौण वनोपजाची मालकी आपली, असं लिहिलंय. मालकाला सूट देत नाहीत.

आता राजकारणाचं बघा. आपल्याला सांगितलं, गर्दी करू नका. मोर्चा नाही, सभा नाही, ग्रामसभा नाही. पण वरची कामं थांबली का? ५ जूनला शेतीचे तीन अध्यादेश निघाले. १८ जूनला ४१ कोळसा खाणींचा लिलाव सुरू केला. प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीचे नियम सैल करणारा मसुदा आला, तो आधी इंग्रजी-हिंदीत, आणि हरकती द्यायच्या त्या साथ चालू असतानाच. रोगाच्या नावाने आपलं बोलणं बंद झालं, त्यांचं ठरवणं चालू राहिलं.

त्याच वर्षात आपल्या कामाची एक गोष्ट मात्र झाली. आधी जिल्हा समितीने दावा फेटाळला की तो शेवटचा निर्णय. १८ मे २०२० ला राज्यपालांनी अधिसूचना काढली. अनुसूचित क्षेत्रात आता जिल्हा समितीच्या वर विभागीय समितीकडे अपील करता येतं. ही वाट आपोआप मिळाली नाही. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पाय सोलवटून माणसं चालली, त्याआधी आणि त्यानंतरही गावोगाव दावे लढवले गेले, तेव्हा कुठे वनहक्काकडे बघावं लागलं.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. प्लॉटवाल्यांनी वर्ष काढलं. ज्यांच्याकडे वीतभर जमीन नाही, विशेष करून आपली कातकरी भावंडं, त्यांचं काय? काही पाड्यांत नागली वाटून खाल्ली. काही ठिकाणी परत आलेल्यांना वेशीवरच अडवलं. भीती होती, मान्य. पण सामूहिक वनहक्क सगळ्या गावाचा असतो, त्यात बिनजमिनीचा माणूसही बरोबरीचा मालक आहे. आपण फक्त आपापल्या प्लॉटपुरतं लढलो तर पुढच्या बंदमध्येही तीच घरं उपाशी राहतील.

म्हणून पावसाच्या आधी एवढं करू:

फेटाळलेल्या दाव्याचं कारण लेखी मागा आणि कागद घेऊन अपिलाला बसा. मुदत असते, उशीर नको.

म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. कायद्यात तो पुरावा धरला जातो. त्या वर्षात गेलेल्या माणसांबरोबर पुरावेही गेले.

पट्टाधारक वारला असेल तर वारसांची नोंद करा. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो, विधवेचं नाव कोणी गाळू नये.

सामूहिक दावा राहिला असेल तर ग्रामसभा घ्या. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं लागतात, त्यात तिसरा हिस्सा बाया. तोंडाला फडकं बांधा, झाडाखाली लांब लांब बसा, पण बसा.

रोजगार हमीचं काम लेखी मागा, पोच घ्या. १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता.

रेशन पाहिजे, खावटी पाहिजे, लसही पाहिजे, ती आपण भांडून घेऊ. पण ते देणं वरून बंद होऊ शकतं. जमिनीचा आणि रानाचा कागद आपल्या हातात असला, की पुढच्या वेळी कोणी चार तासांची मुदत दिली तरी चूल पेटेल.

जिंदाबाद!

– संपादक